उलट्या बाजूचा दिवा

सोमवार, ४ मार्च

ही वही बारकीनं दिली. कुठल्या भंगारवाल्यानं फोनवर काय कबूल केलं ते लिहून ठेव म्हणाली, म्हणजे उद्या तो फिरला तर त्याला ऐकवता येईल. मी चौथी नापास. पण बोललेलं लिहायला तेवढं पुरतं. भंगारवाला अर्ध्या पानात संपतो आणि उरलेलं पान कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून बाकीचंही लिहिते आहे.

बारकी म्हणजे माझी नात. नाव बारकी आणि उंची दाराच्या चौकटीएवढी. शिकली, मग दुसऱ्याच्या गॅरेजात चाकं बदलत बसली. ते सोडून आता घराला लागून आमची शेड आहे तिथे जुन्या गाड्या दुरुस्त करते. मी म्हटलं, जुन्या गाड्या नव्या करतेस. ती म्हणाली, नव्या नाही गं आजी, होत्या तशा करते. पहिल्या दिवशी कारखान्यातून निघाली तशी. एवढा खटाटोप करून जुनीच गाडी हातात घ्यायची, आणि त्यासाठी माणसं रांगेत उभी आहेत म्हणे. आमच्याकडे रांगेत एकच आहे. रिटायर साहेब आहेत. कुठल्याही वस्तूवर नख मारून बघतात, म्हणून मी त्यांना नखवाले म्हणते. तोंडावर नाही.

माझ्या मुलानं, म्हणजे बारकीच्या बापानं, जेवताना अट घातली. ही गाडी मालकानं समाधानानं नेली आणि पुढचं काम आलं, तर शेड तुझी. नाही तर फरशीवाला भाड्यानं मागतोय, त्याला द्यायची. बारकीनं मान हलवली आणि पाणी प्यायली. माझा मुलगा असा आहे. बोलतो थोडं आणि तेही कडू.

गुरुवार, ७ मार्च

गाडीचं सगळं झालंय. अडलंय ते एका दिव्यापाशी. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर लिंबाच्या फोडीसारखा एकेक पिवळा दिवा असतो, वळताना उघडझाप करतो तो. पत्रा उतरता आहे म्हणून दिवाही तिरपा. त्यामुळे एका बाजूचा दुसऱ्या बाजूला बसत नाही. आमच्या गाडीला एक आहे, दुसऱ्या जागी नुसतं भोक आहे. काच पाहिजे, प्लास्टिक नाही. काचेच्या पोटात कारखान्याची खूण पाहिजे.

एका भंगारवाल्यानं ओरिजनल म्हणून पाठवला. नखवाले आले, नख मारलं. प्लास्टिक कसं वाजतं ते मलाही कळलं, डबा वाजल्यासारखं. साहेबांनी रुमालानं नख पुसलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. महिनाअखेरीला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, तिथे त्यांना गाडी न्यायची आहे. डुप्लिकेट दिवा लावून नेणार नाही म्हणाले. गाडीच नेणार नाही, असं म्हणाले.

सोमवार, ११ मार्च

आज मी कामाला आले. बारकी गाडीखाली, नुसते पाय बाहेर. फोन वाजला. लांबच्या शहरातला व्यापारी. दिवा आहे म्हणाला, ओरिजनल, पण विकत देत नाही, अदलाबदल करतो. बारकीनं मागे एक ओरिजनल घड्याळ मिळवून चालू केलं होतं, गाडीच्या आतल्या फळीतलं, ते त्याला हवं होतं. बारकी गाडीखालून म्हणाली, दे, दे.

त्यानं विचारलं, कुठल्या बाजूचा पाठवू. मी फोन घेऊन गाडीपुढे गेले, नीट उभी राहिले, भोक कुठे आहे ते पाहिलं आणि सांगितलं, डावा. दोनदा सांगितलं, कारण तो मेला एका कानानं बहिरा असावा.

बारकी बाहेर आली ती काळी होऊन, आणि तशीच मला मिठी मारली. माझं धुतलेलं पातळ गेलं. पण असो. घरात कोणी तरी खूश आहे.

मंगळवार, १९ मार्च

पार्सल आलं. कापसात दिवा. काच, खूण, सगळं खरं. बारकीनं मडगार्डाला लावून पाहिला. फिरवला. परत लावला. मग खाली बसली.

म्हणाली, "आजी, हा डावा आहे."

मी म्हटलं, "मग? डावाच मागवला."

"आपल्याकडे डावा आहे. उजवा नाहीये."

मी तिला हाताला धरून गाडीपुढे उभी केली आणि भोक दाखवलं. "हा कुठला हात? डावा. दिवा ह्या बाजूला नाही. तुला शिकवलं कोणी?"

ती अगदी हळू बोलली. गाडीची डावी-उजवी बाजू आत बसून धरायची असते. पुढून बघितलं की उलटं होतं. या धंद्यात सगळे तसंच धरतात. मी म्हटलं, धंदा गाडीच्या बाहेर उभा राहून करता आणि बाजू आत बसून धरता, हे कुठलं शहाणपण. तर म्हणते, "माझा डावा कान दुखतो तेव्हा तू कुठल्या कानात औषध घालतेस?"

"तुझ्या डाव्या."

"माझ्या समोर बसून घालतेस ना?"

गाडीला तोंड असतं हे मला आधी कोणी सांगायला नको होतं का?

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, घड्याळ विकलं गेलं. उजवा त्याच्याकडे नाही, कोणाकडे असेल असं त्याला वाटतही नाही. म्हणजे आमच्याकडे आता दोन डावे, भोक आहे तिथेच, आणि घड्याळही गेलं. बारकी मला एक शब्द बोलली नाही. मला बोलणारी माणसं आवडतात.

बुधवार, २० मार्च

भाजी निवडत होते. खिडकीतून शेडमधलं ऐकू येतं. बारकी नखवाल्यांशी फोनवर बोलत होती. "चूक माझी झाली सर. मी घाईत बाजू उलटी सांगितली." मग बराच वेळ नुसतं हो, हो.

किती सरळ खोटं बोलते कार्टी. अडखळलीसुद्धा नाही. मी भाजी निवडत राहिले. निम्मी चांगली पानं कचऱ्यात गेली ती नंतर उचलली.

संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, फरशीवाल्याला एवढ्यात बोलावू नकोस. तो म्हणाला, त्याच्या मेव्हण्याचं लग्न आहे, तो येत नाही एवढ्यात. देवाची कृपा, लग्न वेळेवर निघालं.

शुक्रवार, २२ मार्च

गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे बारकीबरोबर गेले. सगळे त्याला मामा म्हणतात. लोखंडाच्या ढिगाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला असतो. बारकी ढिगाऱ्यात शिरली, मी मामापाशी बसले आणि काय झालं ते त्याला सांगितलं, कारण घरात मला कोणी शिव्या देत नव्हतं. वाटलं हा तरी देईल.

तो हसला. म्हणाला, "आजी, तुम्ही पहिल्या नाही. मालक लोक समोर उभे राहतात आणि बाजू सांगतात. दुकानदार मागितलं ते देतो. मग घरी नेल्यावर वस्तू बसत नाही, आणि परत आणायची लाज वाटते. माझ्याकडून असे किती गेले असतील."

"मग ते लोक त्या वस्तूचं करतात काय?"

"काय करणार. माळ्यावर टाकतात. बायकोला कळू देत नाहीत."

मी तिथेच उठून उभी राहिले. म्हणजे आम्ही इतके दिवस दिवा असलेल्या माणसाला शोधतोय. दिवा असलेला माणूस दिवा देत नाही. शोधायचा तो माझ्यासारखा मूर्ख, पण उलट्या बाजूचा. ज्याचा डावा फुटला आणि ज्यानं समोर उभं राहून उजवा आणला. त्याच्या माळ्यावर आमचा दिवा आहे, आणि त्याला लागतो तो आमच्याकडे आहे.

बारकीला हाक मारली. ती डोक्यावर जळमटं घेऊन बाहेर आली. तिला सांगितलं तर तिनं मामाच्या खुर्चीवर बसकण मारली. मामा उभाच राहिला बिचारा. चहा मात्र त्यानंच पाजला.

शनिवार, २३ मार्च

जुन्या गाडीवाल्यांचा फोनवर एक गट आहे, चारी दिशांची माणसं त्यात. बारकी लिहायला बसली, "उजव्या बाजूचा दिवा असल्यास संपर्क साधावा." मी म्हटलं, हे तू आधी दोनदा लिहिलंस. कोण आलं? ज्यानं लपवलाय तो अशानं बाहेर येत नाही. मी सांगते ते लिही.

तिनं हसत लिहिलं. असं:

"ज्यांनी पूर्वी चुकून उलट्या बाजूचा दिवा आणला आणि घरी ठेवून दिला, त्यांनी फोन करावा. आमच्याकडूनही तीच चूक झाली आहे. कोणी हसणार नाही."

मंगळवार, २६ मार्च

जगात किती वेंधळे आहेत आणि किती बरे आहेत, ते या तीन दिवसांत कळलं. एकाकडे दारांच्या दोन्ही मुठी डाव्या बाजूच्याच आहेत. एकानं आरसा उलट्या बाजूचा आणला आणि मित्राच्या माथी मारला, तो मित्रही फोनवर आला. एका बाईंनी मागून नवऱ्याचा आवाज ऐकला आणि फोन हातात घेतला, पुढचं त्या दोघांचं चाललं, आम्ही ठेवून दिला. दिवा कोणाकडेच नाही. पण प्रत्येक जण म्हणाला, विचारून बघतो. ओळख ना पाळख, आणि विचारून बघतो.

आज दुपारी एका बाईंचा फोन आला. माझ्या वयाचा आवाज. म्हणाल्या, "हसणार नाही म्हणालात म्हणून फोन केला. माझ्या नवऱ्यानं आणला होता."

मी विचारलं, "तुमची गाडी कुठल्या बाजूनं आंधळी आहे? आत बसून सांगा."

त्या म्हणाल्या, थांबा. गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला. मग आल्या आणि म्हणाल्या, "डाव्या."

गुरुवार, २८ मार्च

त्या बाईंकडे जायचं ठरलं, तर मुलगा म्हणाला मी नेतो. रजा घेतली. मला वाटलं बारकीनं चालवलं असतं, पण तो म्हणाला, त्याला तिकडे काम आहे. काय काम ते दिवसभर दिसलं नाही. आमच्याबरोबरच बसून होता.

त्या बाई कपडे शिवतात. गळ्यात टेप. मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा उजवा खांदा उतरलाय."

मी म्हटलं, "कोणाच्या बाजूनं उजवा?"

त्या हसल्या तेव्हा मला वाटलं काम झालं. झालं नव्हतं.

दिवा काचेच्या कपाटात, रिळांच्या शेजारी. बारकीनं खूण पाहिली, माझ्याकडे मान हलवली. गाडी मागच्या पडवीत चादरीखाली. हीच बनावट, एका डोळ्याची.

बाई सांगायला लागल्या. त्यांचे यजमान दिवा घेऊन आले तेव्हा छाती काढून आले होते. बसेना. "मी म्हटलं, शर्टाची डावी बाही मी उजवीकडे लावली तर गिऱ्हाईक मला सोडेल का? तेव्हापासून भांडण कुठूनही निघालं तरी फिरून दिव्यापाशी यायचं. इतकी वर्षं. शेवटी शेवटी त्याला नाव आठवायचं नाही कोणाचं, पण दिवा म्हटलं की मान खाली घालायचा." मग दिव्याकडे बघत म्हणाल्या, "तो तर गेला. आता हाही गेला तर मी त्याला बोलू कशावरून?"

बारकीनं खाली पाहिलं. मुलगा खिडकीपाशी गेला. मी म्हटलं, "अहो ताई, एवढ्या संसारात एकच चूक केली? मग तुम्ही भाग्याच्या. माझ्याकडे असं कपाट केलं असतं तर भिंत पुरली नसती."

त्या हसल्या, पण दिवा काढला नाही. विचार करते म्हणाल्या.

मी पिशवीतून आमचा डावा काढला आणि त्यांच्या मशिनीवर ठेवला. "हा असू द्या तुमच्याकडे. गाडीला लावून बघा. तुमचा नाही दिला तरी हा तुमचाच. आमच्याकडे डावा आहे, दोन घेऊन काय करू."

परत येताना बारकी रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत बसली. मी विचार करत होते की मी आज दुसऱ्यांदा हिचं नुकसान केलं का. मुलगा पुढे बघून गाडी चालवत होता. म्हणाला, "बरं केलंस." फरशीवाला आज येणार होता ना, असं मी विचारलं, तर म्हणाला, त्याचं पोट बिघडलंय. लग्नात जास्त खाल्लं असेल.

शनिवार, ३० मार्च

मेळावा उद्या. सकाळी नखवाल्यांचा फोन, काय झालं? बारकी म्हणाली, संध्याकाळपर्यंत थांबा. कशाच्या भरवशावर म्हणाली, तिलाच ठाऊक. शेडमध्ये झाडायला काही नव्हतं तरी झाडत होती.

दुपारी बसमधून शिवणवाल्या बाई उतरल्या. हातात पिशवी. पिशवी कसली, दिव्याच्या मापानं बेतून, आतून अस्तर लावून शिवलेली, वर बटण. बारकीच्या हातात दिली.

मला म्हणाल्या, "शेजारच्या मुलाकडून लावून घेतला तुमचा. बसला. मग आत आले तर कपाटातला बघवेना. बोलायला काही राहिलंच नाही त्याच्यावर."

मी म्हटलं, "मग आता कसं?"

"दुसरं आठवलं. छत्र्या हरवायचा."

बारकीनं दिवा लावला. चार स्क्रू. पत्र्यावर असा बसला की बोटाला सांधा लागेना. बटण दाबलं, उघडझाप झाली. बाई बघत राहिल्या. मग बारकीला विचारलं, "माझी गाडी चालू होईल?"

बारकी म्हणाली, बघावं लागेल.

"मग बघायला कधी येतेस? आणि नुसती चालू नको. ही आहे तशी कर."

मी घरात गेले चहा टाकायला. डोळ्यांत धूर गेला असं लिहिलं असतं, पण आमच्याकडे गॅस आहे.

नखवाले संध्याकाळी आले. वाकले, नख मारलं. काच वाजली. आतली खूण बघायला चष्मा बदलला. मग जुना दिवा, मग नवा, मग परत जुना. विचारलं, कुठून मिळवला. बारकी सांगायला लागली तेवढ्यात मी मध्ये पडले.

"साहेब, बाजू उलटी सांगणारी मी. ही तुमच्याशी खोटं बोलली."

ते म्हणाले, "मला माहीत होतं आजी. ही मुलगी डावं-उजवं चुकणारी नाही. पण ती आपल्या अंगावर घेतेय म्हटल्यावर मी कशाला बोलू." आणि बारकीला म्हणाले, "उद्या मेळाव्यात माझ्याबरोबर चल. दोघं जण आहेत, त्यांना तुझं काम दाखवायचंय. त्यांच्या गाड्या चांगल्या हातांची वाट बघत उभ्या आहेत."

या माणसाला मी महिनाभर नखवाले म्हणत होते. पुढेही म्हणेन. पण आता जरा मानानं.

रविवार, ३१ मार्च

बारकी पहाटेच गेली. घर रिकामं वाटलं. ज्या माणसानं किती तरी वर्षांपूर्वी आपल्या गाडीसमोर उभं राहून उजवा मागितला, त्याला मी कधी पाहिलं नाही. त्याचे उपकार मात्र आमच्या शेडवर आहेत. आयुष्यभर बोलणी खाल्ली बिचाऱ्यानं, आणि फळ मिळालं आम्हाला. मामाचेही उपकार, ज्यांनी विचारून बघतो म्हटलं त्यांचेही. मला असं लिहायची सवय नाही. एवढं पुरे.

बुधवार, ३ एप्रिल

बाईंची गाडी टेम्पोवर चढून आली. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, सारख्या मागे वळून बघत. नखवाल्यांच्या मित्रांपैकी एकजण कालच येऊन गेला. मुलानं शेडच्या दोन्ही किल्ल्या बारकीसमोर ठेवल्या, आणि आंघोळीला गेला.

शनिवार, ६ एप्रिल

बाजारात फरशीवाला भेटला. धडधाकट, गाल भरलेले. मी विचारलं, पोट कसं आहे? तो माझ्याकडे बघतच राहिला. पोटाला काय झालं? मी म्हटलं, मेव्हण्याचं लग्न झालं ना नीट? म्हणाला, मला मेव्हणाच नाही.

मग म्हणाला, "आजी, मी तर दिवाळखोर मालकाचं ते कोपऱ्यावरचं दुकान घेतलं, दोन महिने झाले. तुमच्या मुलाकडे शेड मागितली होती, पण त्यानं पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, तिथे माझी मुलगी काम करते."

मी भाजी न घेताच घरी आले. मग परत जाऊन घेतली.

घरी आले तर शेडमध्ये बारकी गाडीखाली आणि तो बाहेर उकिडवा बसून तिला बॅटरी धरून. ती म्हणत होती, बाबा, जरा इकडे, इकडे नाही हो, माझ्या इकडे. तो निमूट सरकत होता. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं कानावर हात ठेवले असते, आणि मग मला त्याला खोटारडा म्हणावं लागलं असतं.

जेवताना त्याच्या ताटात भाजीचा एक डाव जास्त वाढला. मग आणखी एक.

तो म्हणाला, "आज काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. उरली होती."